गोळी तीच, गुण निराळा

न्यू जर्सीतील आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर, सराफांच्या पेढ्या आणि मिठाईची दुकाने यांमधून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्या, मुलाकडे सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींत, हृदयरोहिणीत स्टेंट बसविलेले आणि क्लोपिडोग्रेलच्या पट्ट्या मुदतभर पुरतील अशा बेताने देशातूनच घेऊन आलेले गृहस्थ हटकून असतात; ती गोळी आपल्याला लागू पडते की नाही, ही विचारणा मात्र सहसा कोणी केलेली नसते.

हे औषध गिळतेवेळी निष्क्रिय असते. त्याचा सुमारे ८५ टक्के अंश शरीर परस्पर निकामी करून टाकते, आणि उरलेल्या अल्पांशाचे यकृतात, मुख्यत्वे सीवायपी२सी१९ नामक विकराच्या साहाय्याने रूपांतर होईल तेव्हाच रक्तातील प्लेटलेटना एकमेकींस चिकटू न देणारे द्रव्य निर्माण होते. ज्यांना हे विकर जन्मतःच अधू लाभले, त्यांची गोळी नेमाने पोटात जाते, पण गुण येत नाही. ब्रिटनमधील बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या स्वयंसेवकांच्या पाहणीत ५७ टक्के लोकांत त्या जनुकाची किमान एक प्रत सदोष आढळली. आयसेलिनच्या वस्तीने हा आकडा परका मानण्याचे कारण नाही.

अमेरिकी औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतील इशारा छापण्याचा हुकूम केला. पुढे हवाई राज्याने, तेथील आशियाई व पॅसिफिक वंशीय रुग्णांपासून ही गोष्ट दडविल्याचा आरोप ठेवून, हे औषध विकणाऱ्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विब आणि सनोफी यांच्यावर दावा गुदरला, आणि २०२४ साली न्यायालयाने दोहोंना मिळून ९१ कोटी डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. या दोन्ही कंपन्यांचा न्यू जर्सीत, म्हणजे आयसेलिनच्या शेजारीच, मोठा कारभार आहे!

तरीही प्रत्येक अपयशाचा दोष जनुकाच्या माथी मारणे मला रास्त वाटत नाही. चुकलेली गोळी हे कारण अधिक साधे; शिवाय पित्तावर घेतले जाणारे, अमेरिकेत चिठ्ठीवाचून मिळणारे ओमेप्राझोल त्याच विकराला अडविते. पँटोप्राझोलची हरकत पुष्कळ कमी. जनुकचाचणी सरसकट करावी काय, याविषयी हृदयरोगतज्ज्ञांत एकमत नाही, कारण ‘टेलर-पीसीआय’ या २०२० च्या चाचणीत झुकते माप दिसले तरी निर्णायक कौल मिळाला नाही. पर्यायही निर्वेध नाहीत: प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यास वर्ज्य, तर टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि काहींना त्याने धाप लागते. बदल करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कारण नव्या स्टेंटवर गोळी परस्पर थांबविणे हे गुण न येण्याहूनही घातक आहे.