राज्याचं कर्ज आणि आपली वही



'लाडक्या बहिणींनी राज्य कर्जात बुडवलं' हे वाक्य तुम्ही एसटीत, पारावर कुठं ना कुठं ऐकलं असेलच. टीव्हीवर एक जाणकार म्हणतो राज्य बुडालं, दुसरा म्हणतो भक्कम आहे. खरं कुणाचं?

१० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. विरोधक हा आकडा सांगत होते. सरकार म्हणत होतं, राज्याच्या उत्पन्नाच्या ते १९ टक्क्यांच्या आतच आहे, मर्यादा २५ टक्के. दोन्ही बरोबर. चार दुभत्या म्हशीवालीचं पन्नास हजारांचं कर्ज आणि हाताला काम नसलेलीचं वीस हजारांचं, यात काळजी कुणाची करायची हे आपल्याला कळतं.

पण इथं एक मेख आहे. 'राज्याचं उत्पन्न' म्हणजे सरकारची तिजोरी नव्हे. त्यात तासगावची द्राक्षं, तुमच्या डेअरीचं दूध, सगळ्यांची कमाई आली. तिजोरीत वर्षाला येणार होते साधारण ५ लाख ६१ हजार कोटी. आणि पगार, पेन्शन, व्याज, योजना अशा चालू खर्चाला त्यापेक्षा ४५,८९१ कोटी जास्त लागणार होते. लाडकी बहीणसाठी तरतूद होती ३६ हजार कोटींची. म्हणजे खर्च मोठाच, पण ९ लाख कोटींचं कर्ज काही एका वर्षात आपल्यामुळं झालेलं नाही. कर्ज काढून म्हैस घेतली की किराणा भरला, हा प्रश्न मात्र आपणही विचारायलाच हवा.

इस्लामपूरचे जयंत पाटील अनेक वर्षं अर्थमंत्री होते, कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री. जाणकार आहेतच, पण पक्षाचेही आहेत. आणि पक्षाबाहेरचे तज्ज्ञही चुकतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी लिहिलं, की कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढं गेलं की वाढ खुंटते. परदेशातल्या पुढाऱ्यांनी त्याचा दाखला देत सरकारी खर्चाला कात्री लावली. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून हिशेबाचा तक्ता मागून घेतला. सरासरी काढताना पाच देश सुटलेले! ही आणि हिशेबातल्या इतर गफलती दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याची वाढ २.२ टक्के निघाली. त्यांनी बेरजेतली चूक मान्य केली. जास्त कर्ज वाढीला मारक, हे मत मात्र सोडलं नाही.

त्या पोरानं केलं काय? आपण मासिक सभेत सचिवताईंना म्हणतो तेच: ताई, वही दाखवा.