वाया जाणारी धग आणि फुकटचे ऊन

नागपूरहून कोराडीच्या दिशेने निघाले की हिवाळ्यातील सकाळी औष्णिक वीज केंद्रावर पांढरे ढग उठताना दिसतात. अनेकांना तो धूर वाटतो. त्यातला बराचसा भाग धूर नसून पाण्याची वाफ असतो, आणि ही वाफ म्हणजे विजेत रूपांतर न होऊ शकलेली उष्णता. कोराडीत २०१५ ते २०१७ या काळात सुरू झालेले ६६० मेगावॉटचे तीन संच ‘सुपरक्रिटिकल’ म्हणजे तुलनेने काटकसरी तंत्राचे आहेत. तरीही अशा संचांत जाळलेल्या कोळशातील साधारण ४० टक्केच ऊर्जा वीज होऊन तारांत जाते. उरलेली कूलिंग टॉवर आणि धुराड्याच्या वाटेने आकाशाला मिळते.

ही उष्णता टाकून देण्यासाठीही पाणी लागते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. घरगुती हिशेबात सांगायचे तर एका युनिटमागे साडेतीन लिटर. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी येथील प्रकल्पातून प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीला देण्याची जी योजना झाली, तिची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटरची. शहराचे सांडपाणी अशा रीतीने वीज केंद्राची उष्णता वाहून नेण्याच्या कामी आले. धरणाचे पाणी वाचले हे खरेच. पण उष्णता फेकण्याचीही केवढी किंमत मोजावी लागते, हेही त्यातून दिसते.

एवढी उष्णता आसपासच्या कारखान्यांना का देत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर उष्णतेच्या प्रमाणात नव्हे, तिच्या प्रतीत आहे. कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी जेमतेम ४० ते ४५ अंश सेल्सिअसचे असते. विहीरभर कोमट पाण्यात घागरभर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता असते, पण चहा त्या विहिरीवर होत नाही. उष्णतेपासून काम किती करून घेता येईल, हे तिचे तापमान आणि भोवतालचे तापमान यांतील फरकावर ठरते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच मांडले होते. मे महिन्यात नागपूरची हवाच ४५ अंशांवर गेली, की कंडेन्सरच्या पाण्यात आणि हवेत फरकच फारसा उरत नाही.

म्हणून टाकाऊ उष्णतेचा विचार करताना पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘किती अंशांची’ हा असतो. या कसोटीवर विदर्भातील सर्वांत मोलाची टाकाऊ उष्णता सापडते ती स्पंज आयर्नच्या भट्ट्यांत. फिरत्या लांबलचक भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवला जातो. त्यातून निघणारे वायू पूर्ण जाळून घेतल्यावर ९०० ते १००० अंशांपर्यंत तापलेले असतात. धूळ पकडणाऱ्या यंत्रणेला एवढे तापमान सोसत नाही. त्यामुळे अनेक कारखान्यांत या वायूंवर पाण्याचे फवारे मारून ते थंड करण्याची पद्धत रूढ झाली. दुष्काळी टापूत पाणी उपसायचे आणि उत्तम प्रतीची उष्णता विझवायची, असा हा दुहेरी तोटा. फवाऱ्याच्या जागी बॉयलर बसवला तर तेच वायू वाफ तयार करून देतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. दिवसाला १०० टनांच्या भट्टीमागे ढोबळमानाने दोन मेगावॉट वीज मिळते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे लॉइड्स मेटल्सने वर्षाला २ लाख ७० हजार टन क्षमतेच्या स्पंज आयर्न भट्ट्यांच्या जोडीला ३० मेगावॉटचा असा वीज प्रकल्प उभारला. त्याच जिल्ह्यातील मोठा उद्योग असलेल्या सिमेंटच्या भट्टीतील वायू त्या मानाने थंड, ३००-३५० अंशांचे. तरी अशा भट्टीतून क्लिंकरच्या टनामागे २५ ते ३५ युनिट वीज काढता येते.

मोठ्या उद्योगांचे हे गणित जमते, कारण भट्टी दिवसरात्र चालते आणि भांडवल हाताशी असते. बुटीबोरी, हिंगणा येथील मध्यम आणि लहान कारखान्यांची गोष्ट वेगळी. तिथे टर्बाइनचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो आवारातल्या बॉयलरचा.

या बॉयलरकडून मागितले जाते ते काय? दुधाच्या पाश्चरीकरणाला ७२ अंश पुरतात. संत्र्याच्या रसाला ९०च्या आसपास. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांत उकड्या तांदळासाठी धान भिजवायचे तर पाणी ६०-७० अंशांचे लागते. पॉलिस्टरचे कापड रंगवायला दाबाखाली १३० अंश. आणि हे सारे मिळवण्यासाठी भट्टीत हजार अंशांहून अधिक तापाची ज्योत पेटवली जाते. मधल्या फरकातच खरी गळती आहे. धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान साधारण २२ अंशांनी उतरवले तर एक टक्का इंधन वाचते. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक तापलेले असेल तरीही एक टक्का वाचते. ऊर्जा-लेखापरीक्षकांना पाठ असलेले हे दोन आकडे. धुराड्याचे तापमान २४० वरून १५० अंशांवर आणले, की चार टक्के. यंत्रांत काम करून पुन्हा पाणी झालेली वाफ, जिला कारखान्यात ‘कंडेन्सेट’ म्हणतात, गटारात न सोडता ८० अंशांवर परत आणली, की ३० अंशांच्या ताज्या पाण्याच्या तुलनेत आठ टक्के. दिवसाला १० टन कोळसा जाळणाऱ्या बॉयलरवर हे टनाहून अधिक झाले. सामग्री काय, तर एक पंप, काही पाइप, त्यांवर उष्णतारोधक वेष्टण आणि धुराड्याच्या वाटेत पाण्याच्या नळ्यांचा एक संच.

इतके सोपे असूनही ते सर्वत्र झालेले नाही, याची कारणे आळसापलीकडची आहेत. भारतीय कोळशात राख फार. ती नळ्यांवर बसते आणि नियमित सफाई झाली नाही तर वर्षभरात उपकरण नावापुरते उरते. धुराडे फार थंड केले तर इंधनातील गंधकामुळे आम्ल साठून लोखंड खाते. रंगाईसारख्या कामात गरम पाणी बाहेर पडते एका वेळी आणि लागते दुसऱ्याच वेळी. मग साठवणीची टाकी आली, आणि जागा कुठून आणायची हा प्रश्न आला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. पण त्याखाली २०१२ पासून राबवलेली उद्दिष्टे आणि बचत-प्रमाणपत्रांची योजना मोठ्या ऊर्जाभक्षक उद्योगांपुरती राहिली. लहान बॉयलरवाल्याला कुणी विचारले नाही.

आता उन्हाकडे वळू. नागपूरच्या उन्हाची ख्याती एवढी, की मे २०२४ मध्ये येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर गवगवा झाला. संवेदकातील बिघाडामुळे ती नोंद चुकल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. मात्र हवा किती तापली याचा सौर उष्णतेशी थेट संबंध नाही. आरशांनी ऊन एका बिंदूवर एकवटायचे तर किरण सरळ, न विखुरता यावे लागतात. मे महिन्यातील धूळ आणि धुरकटपणा ते विखरून टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे आरसे बहुतांशी स्वस्थ बसतात. उलट ऑक्टोबर ते मार्च या थंड, स्वच्छ महिन्यांत ते चांगले काम देतात, आणि योगायोग असा की आंबिया आणि मृग या दोन्ही बहरांची संत्री याच काळात बाजारात येतात. मिहानमध्ये मार्च २०२५ मध्ये संत्रा प्रक्रिया प्रकल्पाचे उद्घाटन झाले. तेथील उष्णतेची गरज आणि नागपूरचे स्वच्छ ऊन यांचा हंगाम असा जुळतो.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. लातूर येथील महानंद दूध प्रकल्पात २००६ मध्ये ‘अरुण’ ही सुमारे १६० चौरस मीटरची सूर्याच्या मागे फिरणारी तबकडी बसवण्यात आली. क्लिक डेव्हलपमेंट्स ही मुंबईची कंपनी आणि आयआयटी मुंबई यांनी ती विकसित केली होती. दाबाखालील पाणी तापवून त्यावर दुधाचे पाश्चरीकरण करायचे आणि फर्नेस ऑईल वाचवायचे, अशी ती योजना. शिर्डीच्या साईबाबा संस्थानने २००९ मध्ये प्रसादालयावर प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू केला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अशा संयंत्रांच्या प्रसाराचा प्रकल्प २०१२ ते २०१७ या काळात चालला. तरी हे तंत्र कारखान्यांत सर्रास रुजले नाही. दरम्यान सौर विजेची पॅनेल झपाट्याने स्वस्त झाली. त्यांना फिरावे लागत नाही आणि विखुरलेला प्रकाशही चालतो. छप्पर एकच असेल तर उद्योजक पॅनेलच निवडतो, यात नवल नाही.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. टाकाऊ उष्णता आणि सौर उष्णता या दोघींचे ग्राहक पुष्कळदा एकच असते, ते म्हणजे बॉयलरला जाणारे पाणी. आणि एकच पाणी दोनदा तापवता येत नाही. कंडेन्सेट गटारात सोडणाऱ्या कारखान्यात सौर संयंत्राची बचत कागदावर भरघोस दिसते, कारण ३० अंशांचे पाणी ८० अंशांवर नेण्याचे श्रेय त्याला मिळते. पाच-सहा महिन्यांनी कुणी तो परतीचा पाइप टाकला, की सौर संयंत्राला उरते ते ८० च्या पुढचे काम. सपाट संग्राहकांना तिथे फारसे जमत नाही, आणि आरशांचे संयंत्र महाग पडते. खर्चाच्या मानाने पाइप आधी, छप्पर नंतर, हा क्रम उलटला तर दोन्ही पैसे एकाच बचतीवर खर्च होतात.

ज्या पाण्याला परतीची वाटच नाही, तिथे मात्र सौर उष्णतेला मोकळे रान आहे. डेअरीतील कॅन आणि टाक्या धुण्याचे पाणी, बाटल्या धुण्याचे पाणी, धान भिजवण्याचे पाणी ही सारी एकदा वापरून जाणारी आहेत आणि ती ५० ते ७० अंशांवर भागतात. त्यांना सूर्याच्या मागे फिरणारी तबकडी लागत नाही. घराच्या गच्चीवर असतो तसाच, फक्त मोठा, सौर बंब पुरतो, आणि ढगाळ दिवशीही तो पाणी निदान काही अंशांनी तापवून बॉयलरच्या हाती देतो.