व्यंगचित्र की दावा? एका जुन्या तैलचित्राची उलटतपासणी

'दस्तऐवज' म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने काही उदाहरणे दिली आहेत. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात नकाशा होता, दगडावर कोरलेला लेख होता आणि व्यंगचित्रही होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी व्यंगचित्र यादीत कायम राहिले. कायद्याचे विद्यार्थी हे उदाहरण वाचून हसतात आणि पान उलटतात. आम्हाला मात्र ते वाचले की लंडनमधले एक तैलचित्र आठवते. व्यंगचित्र हा दस्तऐवज आहे, मान्य. पण समोरचे चित्र व्यंगचित्र आहे, हे ठरवले कोणी? आणि कोणत्या पुराव्यावर?

हे चित्र १९२८ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुस्तकांनी भरलेल्या खोलीत एक कृष्णवर्णीय गृहस्थ उभा आहे. डोक्यावर विग, अंगात निळा कोट, पायांत पांढरे मोजे. जवळ पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल, टेबलावर उघडा ग्रंथ, खिडकीबाहेर गाव आणि आभाळ. शरीराचे प्रमाण विचित्र आहे. डोके मोठे, पाय काटकुळे. चित्रावर ना चित्रकाराची सही, ना तारीख. संग्रहालयाने अंदाजाने १७४५ च्या सुमाराचे म्हणून नोंद केली. त्या काटकुळ्या पायांकडे बोट दाखवून अनेक अभ्यासकांनी निकालही देऊन टाकला, की ही एका काळ्या माणसाच्या विद्वत्तेची गोऱ्या चित्रकाराने उडवलेली टर आहे.

हा माणूस म्हणजे जमैकाचा फ्रान्सिस विल्यम्स. त्याचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले. वडील जॉन विल्यम्स व्यापारात श्रीमंत झाले. १७०८ मध्ये जमैकाच्या विधिमंडळाने खास या जॉनसाठी एक कायदा केला. गुलामाची साक्ष त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरली जाणार नाही, असा. १७१६ मध्ये ही सवलत बायको-मुलांनाही मिळाली. विशेषाधिकार कसा होता पाहा! ज्या समाजातून वर आलात, त्या समाजाचे तोंड तुमच्यापुरते बंद. वर्चस्ववादी व्यवस्था वर येणाऱ्या एकट्यादुकट्याला जागा देते ती अशीच किंमत वसूल करून.

फ्रान्सिस इंग्लंडला गेला. १७२१ मध्ये लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्याचे नाव दाखल झाले. बाबासाहेबांमुळे ग्रेज इनचे नाव आपल्याला परिचित आहे, लिंकन्स इन ही तिच्याच शेजारची संस्था. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सभासदत्वासाठीही त्याचे नाव सुचवले गेले होते. केवळ कातडीच्या रंगामुळे ते नाकारले गेले, असे लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७७१ मध्ये छापले. संस्थेचा अध्यक्ष त्या काळी खुद्द आयझॅक न्यूटन होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

वडील वारल्यावर फ्रान्सिस जमैकात परतला. तिथल्या मळेवाल्यांना शिकलेला, मालमत्तावाला आणि मान न झुकवणारा काळा माणूस सहन होईना. १७३० मध्ये त्यांनी त्याचे हक्क काढून घेण्यासाठी त्याच्या एकट्याविरुद्ध कायदा केला. फ्रान्सिस लंडनपर्यंत लढला आणि तो कायदा रद्द झाला. एका माणसाविरुद्ध अख्खे विधिमंडळ, आणि जिंकला तो माणूस.

मग टर सुरू झाली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५३ मध्ये एका तळटीपेत जमैकाच्या या विद्वानाची तुलना चार शब्द पाठ केलेल्या पोपटाशी केली. १७७४ मध्ये एडवर्ड लाँगचा जमैकाचा इतिहास प्रसिद्ध झाला. लाँग हा मळेवाला, गुलामांचा मालक आणि शिवाय न्यायाधीश! त्याने फ्रान्सिसवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्याची एक लॅटिन कविता छापली आणि ओळीओळीत खोट काढून काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी असते, असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला. फ्रान्सिस १७६२ मध्येच वारला होता. उत्तर द्यायला तो नव्हता.

आता चित्र कोठून आले ते पाहा. १९२८ मध्ये ते संग्रहालयात आले ते याच लाँगच्या वंशजांच्या घरातून. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज 'योग्य ताब्यातून' आला तर न्यायालय तो खरा असल्याचे गृहीत धरू शकते. जुन्या कायद्यात हे कलम ९० होते, नव्यात ९२ आहे. पण ताबाच प्रतिपक्षाचा असेल तर? कागद खरा असतो, त्याचा अर्थ मात्र ताबेदार सांगेल तो रूढ होतो. फ्रान्सिसच्या चित्राचे नेमके हेच झाले. चित्र लाँगच्या घरचे, फ्रान्सिसविषयी सर्वात जास्त लिहिले तेही लाँगने. म्हणून बघणाऱ्यांनी डोळेही लाँगचेच लावले.

जुन्या व्यक्तिचित्राचा काळ ठरवण्याच्या रीती तशा ठरलेल्या आहेत. चित्र ओक लाकडाच्या फळीवर असेल तर लाकडातली वर्तुळे मोजतात. रंग तपासतात. प्रुशियन ब्लू हा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला, तेव्हा तो असलेला थर त्याआधीचा असू शकत नाही. विगची, गळपट्ट्याची, कोटाच्या बाहीची तऱ्हा दर काही वर्षांनी बदलत असे, तीही साक्ष देते. चित्राच्या पाठीमागच्या चिठ्ठ्या आणि शिक्के मालकांची साखळी सांगतात. हे सगळे मिळून बहुधा दहा-वीस वर्षांची मर्यादा हाती लागते, नेमके वर्ष क्वचितच.

इथे ते लागले. इतिहासकार फारा दाभोईवाला यांनी या चित्राच्या क्ष-किरण तपासणीचा आणि अतिसूक्ष्म छायाचित्रांचा अभ्यास करून २०२४ मध्ये 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये आपले निष्कर्ष मांडले. टेबलावरच्या उघड्या ग्रंथाचा पृष्ठक्रमांक वाचता आला. ५२१. ग्रंथ न्यूटनचा 'प्रिन्सिपिया', १७२६ ची तिसरी आवृत्ती. त्या पानावर विषय आहे तो आसपासच्या ताऱ्यांच्या आधारे धूमकेतूचा मार्ग कसा मोजावा याचा. मग खिडकीबाहेरच्या आभाळाकडे लक्ष गेले. तिथला पांढरा फराटा हा शोभेसाठी मारलेला ब्रश नव्हता, तो धूमकेतू होता. आणि भोवतीच्या ताऱ्यांची मांडणी १७५९ मध्ये जमैकातून दिसलेल्या आकाशाशी जुळत होती.

१७५९ हे हॅलेच्या धूमकेतूचे वर्ष. एडमंड हॅलेने न्यूटनचे गणित वापरून भाकीत केले होते की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. धूमकेतू आला आणि १३ मार्च १७५९ रोजी सूर्याच्या सर्वात जवळून गेला. न्यूटनचे शास्त्र खरे असल्याची ही जगासमोर झालेली मोठी परीक्षा होती. वकिलाच्या भाषेत बोलायचे तर चित्राला दोन्ही बाजूंनी कुंपण पडले. १७५९ च्या आधीचे नाही, कारण धूमकेतू. १७६२ च्या नंतरचे असणे अवघड, कारण मृत्यू. चित्रकार म्हणून दाभोईवाला विल्यम विल्यम्स याचे नाव पुढे करतात. हा जन्माने इंग्रज, अमेरिकेत फिलाडेल्फियाला काम करणारा, आणि १७६० च्या सुमारास जमैकात जाऊन आलेला. मानवी आकृती काढण्यात त्याचा हात कच्चाच होता. म्हणजे ज्या काटकुळ्या पायांवर टवाळीचा आरोप उभा होता, ते चित्रकाराच्या मगदुरीचे फळ ठरते.

पंधरा वर्षांनी तारीख सरकल्यावर सगळाच अर्थ बदलला. हे चित्र फ्रान्सिसने स्वतः काढवून घेतले, असे मानायला आता भक्कम आधार आहे. न्यूटनचे नेमके कोणते पान उघडावे, खिडकीतून नेमके काय दिसावे, हे फिरता चित्रकार कशाला ठरवील? ज्या न्यूटनच्या अध्यक्षतेखालील संस्थेने दार लावून घेतले, त्याच न्यूटनचा सर्वात अवघड ग्रंथ उघडून, आकाशात आलेला पुरावा दाखवत साठी ओलांडलेला हा माणूस उभा आहे. पोपट म्हणणाऱ्याला दिलेले हे उत्तर आहे.

एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला मंजूर नाही. फ्रान्सिसच्या मालकीचे गुलाम होते. १७६० मध्ये, म्हणजे चित्राच्याच काळात, जमैकात टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी मोठा उठाव केला आणि तो रक्तात बुडवला गेला. खिडकीबाहेरच्या त्या देखाव्यात यातले काहीही नाही.

तारीख दर वेळी आपल्याला हवे तेच सांगते असेही नाही. इंग्लंडमधील एक्सेटरच्या संग्रहालयात लाल कोटातल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचे सुंदर चित्र आहे. गुलामगिरीविरुद्ध आत्मचरित्र लिहिणाऱ्या ओलाउदा इक्वियानोचे म्हणून ते वर्षानुवर्षे पुस्तकांवर छापले गेले. चित्रकार म्हणून जोशुआ रेनॉल्ड्सचे नाव सांगितले जाई. पण पोशाख आणि शैली पाहता चित्र १७५७ ते १७६० च्या दरम्यानचे ठरले, तेव्हा इक्वियानो जेमतेम बारा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. आता ते चित्र ॲलन रॅम्झी याचे मानले जाते. तो तरुण इग्नेशियस सँचो असावा, असेही एक मत आहे. सँचोचे नि:संशय चित्र गेन्सबरोने १७६८ मध्ये काढले, ते कॅनडात ओटावाला आहे. दोन्ही चेहरे शेजारी ठेवून अभ्यासक अजून वाद घालतात. एक्सेटरच्या चित्राखाली तूर्त एवढेच लिहिलेले आहे: एका आफ्रिकी माणसाचे चित्र.