कॅमेऱ्याची चाळिशी

रात्री साडेनऊच्या सुमारास कॅज्युअल्टीत सहा वर्षांचा मुलगा आला. तीन-चार उलट्या झालेल्या, अंग गार. "पिवळ्या फुलाच्या झाडाचं फळ खाल्लंय डॉक्टर, हे बघा झाड," असे म्हणत त्याच्या मामाने मोबाइल पुढे केला. गडबडीतही झाडाचा फोटो काढून आणायचे त्याला सुचले होते. फोटोत मागची भिंत लख्ख, वीट न् वीट मोजावी अशी. फुलाच्या जागी मात्र नुसता पिवळा डाग.

कुंपणाला पिवळी फुले बिट्टीची असतात, तशीच टेकोमाचीही. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांतले विष डिगॉक्सिन या औषधासारखे हृदयावर काम करते. नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात, जीवही जाऊ शकतो. टेकोमाचे तसे भय नाही. दोन्हींतला फरक पान चटकन सांगते. बिट्टीचे पान लांब आणि अरुंद, तोडले की पांढरा चीक येतो; टेकोमाचे पान अनेक पर्णिकांचे, त्यांच्या कडा करवतीसारख्या. त्या फोटोत पानेही धूसरच होती. शेवटी ईसीजीने नाडी मंदावल्याचे दाखवले आणि उपचारांची दिशा ठरली. मुलगा चार दिवसांनी हसत घरी गेला.

तो पिवळा डाग काही माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या भागातल्या विषारी झाडांच्या स्वच्छ फोटोंचा एक तक्ता कॅज्युअल्टीत लावायचे मी ठरवले. कॅमेऱ्यासाठी अर्ज करून मंजुरीची वाट पाहिली असती, तर माझी निवृत्ती आधी आली असती. म्हणून स्वतःच बाजारात गेलो, बजेट बेताचे ठेवून.

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. फुलांच्या फोटोसाठी तो आकडा दुय्यम आहे. विचारायचे ते हे : हा कॅमेरा किती जवळचे स्पष्ट पाहू शकतो? दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर दिसते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि चाळिशीनंतर आपण वर्तमानपत्र हात लांब करून धरू लागतो. कॅमेऱ्यालाही असाच निकटबिंदू असतो. मामाने फोन फुलाला जवळजवळ चिकटवला होता. तेवढ्या जवळचे कॅमेऱ्याला दिसेना, म्हणून त्याने दिसले ते टिपले, म्हणजे भिंत!

मी जुनी, वापरलेली डीएसएलआर घेतली, सोबत १८-५५ ची साधी लेन्स. ही लेन्स सुमारे २५ सेंटिमीटरवरचे स्पष्ट पाहते (हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, आतल्या सेन्सरपासून मोजतात). तेवढ्यात साडेसहा सेंटिमीटर रुंदीचे फूल चौकट भरून टाकते. वापरलेली लेन्स घेताना तिच्यात टॉर्च मारून पाहा. आपल्या पावसाळी हवेत आत बुरशी धरते. कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर उठून या; या बुरशीवर माझ्याकडेही मलम नाही.

त्याहून लहान फुलांसाठी खास मॅक्रो लेन्स असते, पण नवी घ्यायची तर तिची किंमत हजारोंत जाते. मी कॅमेऱ्याला चाळिशीच लावली. क्लोज-अप फिल्टर नावाची भिंगे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवता येतात आणि काही शे रुपयांत संच मिळतो. त्यांचे नंबर आपल्या चष्म्यासारखेच, डायॉप्टरमध्ये. लेन्स दूरवर स्थिर ठेवून +२ लावले, तर अर्ध्या मीटरवरचे स्पष्ट दिसते. +४ लावले, तर २५ सेंटिमीटरवरचे. संचातले +१० मोहात पाडते, पण त्याने कडांना जांभळट झालर येते. माझे बहुतेक काम +४ वर भागले. फक्त आपल्या लेन्सच्या तोंडाचा व्यास बघून संच घ्यायचा. मी पहिल्यांदा चुकीचा आणला.

इतक्या जवळून पाहताना काही मिलिमीटरचाच भाग स्पष्ट येतो. पुंकेसर धरले तर पाकळी सुटते. छिद्र एफ-८ ते एफ-११ ठेवले की बरे जमते. एफ-२२ पर्यंत आवळले तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच मऊ पडते. वारा पडलेला असतो अशी सकाळ निवडावी. उन्हाचा कडकपणा कमी करायला माझ्याकडे पांढरी छत्री आहे. ती धरायला बायको लागते, आणि तिला सकाळी सहाला उठवणे हे कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते.

फोनच असेल, तरी निराश व्हायचे कारण नाही. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे खोलीतला बराच भाग स्पष्ट येतो. दोन-अडीच वीत मागे सरका, स्क्रीनवर फुलाला बोट लावून फोकस करा आणि फोटो नंतर कापा. स्वस्त फोनमधल्या दोन मेगापिक्सेलच्या 'मॅक्रो'वर मात्र विसंबू नका. फूल, पान देठाशी कसे जोडले आहे ते, आणि फळाशेजारी एक नाणे असे तीन फोटो पुरतात.

कोणी विषारी काही खाल्ले असेल, तर आधी रुग्णालय गाठा. फोटोसाठी थांबू नका, घरी उलटी करवू नका. कोणी तरी मागून फळापानांसकट डहाळी पिशवीत घालून आणावी, हात धुवावेत. ती डहाळी कुठल्याही फोटोहून बरी.

तक्त्यावर आता बिट्टी, कण्हेर, एरंड आणि गुंज आहेत. धोत्र्याचे फूल संध्याकाळी उमलते, त्यासाठी दोन वेळा ड्युटी बदलून घेतली. कळलावीचा चौकोन अजून रिकामा आहे. ती पावसाळ्यात फुलेल. सिस्टरने त्या चौकोनात सध्या जेवणाच्या डब्यांचा हिशेब चिकटवला आहे.