पिक्चर शेवटपर्यंत पाहा, आणि चौघांत बसून पाहा

देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहणे हा आमच्या भागातल्या माणसाच्या आयुष्याचाच एक भाग आहे. सेलूला जायचे असो, जिंतूरला जायचे असो की बोचके बांधून पोटासाठी संभाजीनगर-पुण्याकडे जायचे असो, सुरुवात फाट्यावरूनच होते. पूर्वी इथे थांबलेली माणसे एकमेकांची विचारपूस करीत. कुठल्या गावचे, कुणाचे पाहुणे, तिकडे पाऊस कसा आहे, असे बोलणे निघे. आता दहा माणसे उभी असली तर आठांच्या माना खाली असतात. कुणी गाणे पाहतो, कुणी मारामारी, कुणी विनोद. गाडी आली की तशाच खाली मानेने सगळे चढतात.

मोबाईलला शिव्या देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करणारा बाप याच मोबाईलवर गावाकडच्या लेकीचे तोंड पाहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज याच्यावरच भरला जातो. दिवसभर राबलेल्या माणसाला घटकाभर करमणूक हवी, हेही आम्हांला मान्य आहे. प्रश्न आहे तो आपण काय पाहतो, किती पाहतो आणि कुणाबरोबर पाहतो याचा.

तंबूपासून तळहातापर्यंत

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पुढे सिनेमा तंबूत बसून गावोगावच्या जत्रांत आला. खेड्यातल्या गोरगरिबांनी पहिला सिनेमा पाहिला तो अशाच तंबूत, जमिनीवर बसून. शहरात गेलेल्या आपल्या माणसांचेही तसेच. लालबागच्या 'भारतमाता' टॉकीजमध्ये गिरणी कामगार पाळी संपवून मराठी पिक्चर पाहायला येत. ज्या गावात पाणवठा वेगळा होता, तिथेही तिकीट काढलेल्याला तंबूत बसण्याचा हक्क होता, ही गोष्ट लहान नव्हे.

मग टीव्ही आला. गावात एखाद्याच घरी असे. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागला की ओटा माणसांनी भरून जाई. त्या ओट्यावर सगळ्यांना सारखी जागा मिळे असे नाही. म्हणून वस्तीत वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणला जाई आणि रात्रभरात तीन-तीन पिक्चर पाहिले जात. बायाबापड्या, लेकरे, म्हातारी माणसे सारी एका चादरीवर. सकाळी नळावर त्याच पिक्चरची चर्चा! नायकाने काय करायला हवे होते, सासू कशी वागली, कुणाचे चुकले, याचा निकाल बाया तिथेच लावीत.

त्यानंतर मेमरी कार्डाचे दिवस आले. फाट्याफाट्यावरची दुकाने दहा-वीस रुपयांत गाणी आणि पिक्चर कार्डात भरून देऊ लागली. आणि २०१६ साली एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला आणि ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. पहिल्या गोष्टीने खेड्यापाड्यांतली माणसे टेम्पो करून टॉकीजला नेली. दुसरीने ज्याला त्याला आपापल्या कोपऱ्यात बसवले.

पुढे काय झाले?

'सैराट'ची चोरटी प्रत काही दिवसांतच मोबाईलवरून फिरू लागली होती. तरी लोक टॉकीजलाच गेले आणि शंभर कोटींच्या वर कमाई करणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. 'झिंगाट' लागले की लोक पडद्यापुढे नाचत. पण शेवटची काही मिनिटे आली की तेच टॉकीज चिडीचूप होई. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नसे.

आज त्या चित्रपटातले काय उरले आहे? ओळखीच्या एका घरी नातू आजीला मोबाईलवर ते गाणे दाखवत होता. आजीने टॉकीजला जाऊन पिक्चर पाहिलेला नव्हता. गाणे संपल्यावर तिने विचारले, "मग पुढं काय झालं रे त्या पोरीचं?" नातू म्हणाला, "आजी, एवढंच असतं हे." त्याच्यासाठी ते खरेच तेवढेच होते. शाळेत जाणाऱ्या त्या मुलाने गाणे शेकडो वेळा पाहिले होते, पण चित्रपट एकदाही नाही.

त्या गाण्यानंतर काय होते? आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. तिथे पत्र्याची खोली, भाषा येत नाही, हातात पैसा नाही. ती कारखान्यात कामाला लागते. संशय येतो, भांडण होते, पुन्हा संसार उभा राहतो. गाव सोडून शहरात गेलेल्या आपल्या कितीतरी जोडप्यांचे हेच आयुष्य आहे. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांचा खून होतो. हे सारे तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाही. रीलमध्ये बसते ती नवी मोटारसायकल, उंच इमारत, झगमगाट. त्या शहराच्या ओढीने मुलगा फाट्यावरून गाडीत बसतो आणि उतरतो तो दहा बाय दहाच्या खोलीत, चौघांच्या वाट्याला एक पंखा असलेल्या ठिकाणी. त्याला कुणी पूर्ण पिक्चर दाखवलेलाच नसतो.

आणि हा नुसता सिनेमाचा शेवट नाही. मंजुळे यांचाच 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. वर्गातल्या सवर्ण मुलीवर मन जडलेल्या जब्याची ती गोष्ट. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्याच समाजातील सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा, सवर्ण मुलीशी बोलला म्हणून, अमानुष खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. वयात आलेल्या मुलाशी किंवा मुलीशी या विषयावर घरात बोलावे कसे, हे आईबापांना कळत नाही. धाक घालून पोरे ऐकत नाहीत. 'फँड्री' दोन तासांचाही नाही. तो एकत्र पाहिला आणि जब्याने शेवटी दगड का भिरकावला एवढे जरी विचारले, तरी जे बोलणे एरवी होत नाही ते आपोआप होते.

कारकुनी हिशेब

आम्ही हिशेबाच्या कामातले. म्हणून थोडा हिशेब मांडतो. बहुतेक मोबाईलचे महिन्याचे पॅक २८ दिवसांचे असतात. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. घरात चार मोबाईल असतील तर ५२ रिचार्ज. एकाला तीनशे रुपये धरले तर वर्षाचे १५,६०० रुपये होतात. त्यात लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि परीक्षांच्या फीचा बराच भाग निघाला असता.

आता वेळेचा हिशेब. रोज तीन तास मोबाईल पाहणाऱ्याचे वर्षात १,०९५ तास जातात. म्हणजे दिवस-रात्र धरून ४५ दिवसांहून जास्त. 'सैराट' तीन तासांच्या आतबाहेर आहे. इतक्या वेळात तो सुमारे ३६५ वेळा पाहून होईल! पण एवढे तास पाहूनही रात्री झोपताना काय पाहिले ते आठवत नाही.

याचे कारण त्या यंत्राच्या रचनेत आहे. तुम्ही कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलात याची नोंद होते आणि त्याच जातीची पुढची चित्रे समोर येतात. तुम्ही थांबाल तेवढ्या जाहिराती दिसतात आणि जाहिरातींवर कंपनीचा धंदा चालतो. तिला तुमचे भले किंवा वाईट करायचे नसते, तुम्हांला बसवून ठेवायचे असते. मारामारी पाहणाऱ्याला मारामारीच मिळत राहते. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली, पण महिन्याभरात इन्स्टाग्रामवर रील आले. नाव बदलले, सवय तीच राहिली.

मग करायचे काय?

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट आठवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले. चित्रपट तीन तासांहून मोठा. त्यात कुणी नायक नाही. तरीही मुंबईच्या चाळी-वस्त्यांतून तो उघड्यावर दाखवला गेला आणि कष्टकरी माणसांनी तो बसून पाहिला. लोकांना लांबलचक पाहायला आवडत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आपणही लहानशी सुरुवात करू शकतो. महिन्यातला एक रविवार ठरवावा. ज्या घरी मोठा टीव्ही आहे तिथे तीन-चार कुटुंबांनी जमावे. चित्रपट चोरीचा नको, रीतसर घेतलेला हवा. वस्तीत सर्वांसाठी जाहीर खेळ करायचा असेल तर निर्मात्याची परवानगी आधी घ्यावी. वेळ बायांना सोयीची असावी, नाहीतर त्या चुलीपाशीच राहतील. सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत. कार्यकर्त्यांनी आणि पुढाऱ्यांनी आपला मोबाईल टोपलीत सर्वांत आधी टाकावा. चित्रपट संपल्यावर अर्धा तास बोलणे व्हावे, आणि पहिला प्रश्न लेकरांना विचारू द्यावा. शहरात एकाच खोलीत राहणाऱ्या मुलांनीही चौघांनी चार पडदे न उघडता एकच उघडावा आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडे फोन करून काय पाहिले ते आईला सांगावे. तिला दुसऱ्या टोकाला एवढे कळले तरी पुरे होते, की पोरगा एकटा नाही.

पहिल्या रविवारी 'फँड्री' लावा. आणि "पुढं काय झालं?" असे विचारणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सर्वांत पुढे बसवा.