ट्रॅक्टरच्या खोलीचें शटर व त्याची निगा

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाड्यांत पूर्वीं दोन झडपांचें लांकडी दार असे व त्यामागें बैलगाडी, नांगर, तिफण हीं ठेवीत. आतां त्या जागीं ट्रॅक्टर आला, आणि त्याच्याबरोबर लोखंडी पट्ट्यांचें, वर गुंडाळलें जाणारें शटर आलें. लांकडी दाराची निगा आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती. शटराची प्रकृति मात्र निराळी आहे. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून होता, कारागीर नव्हे. तथापि या प्रकरणीं त्याला जें शिकावें लागलें, तें इतरांस फुकट मिळावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहावा. दहा फूट रुंद व दहा फूट उंच असें 18 गेज पत्र्याचें शटर घेतलें, तर त्याचें वजन शंभर किलोंच्या वर जातें. एवढें ओझें बारा वर्षांचें पोरही वर लोटतें, तें स्वतःच्या बळानें नव्हे. वरच्या आडव्या पाइपावर स्प्रिंगा बसविलेल्या असतात. शटर खालीं ओढतांना आपण त्या स्प्रिंगांस पीळ भरतों, आणि वर नेतांना तोच पीळ आपल्यासाठीं ओझें उचलतो. म्हणून शटर जड लागूं लागणें ही त्याची तक्रार होय. ती ऐकावी, दोन गडी लावून जोरानें शटर उचलूं नये.

आमचें शटर आषाढापासून जड झालें होतें. पावसानें लोखंड फुगलें असेल, अशी मीं स्वतःची समजूत घातली. पावसानें लांकूड फुगतें, लोखंड नव्हे, एवढें तरी मला या वयांत कळावयास हवें होतें. भाद्रपदांत एके सायंकाळीं पुतण्यानें तें कमरेइतकें वर केलें व तो वाकून आंत शिरूं लागला, तोंच मोठा आवाज होऊन स्प्रिंग तुटली. शटर त्याच्या खांद्यास घासून डाव्या पावलावर आलें. दोन बोटांचीं हाडें मोडलीं, आणि त्या वर्षीं ज्वारीची पेरणी सर्वस्वीं गड्यांवर सोंपवावी लागली.

यावर परीक्षा सोपी आहे. महिन्यांतून एकदां शटर कमरेइतकें उचलावें, पाय बाजूस ठेवावे, आणि हात हळूहळू सैल करावा. तें जागच्या जागीं राहिलें, अथवा किंचितच सरकलें, तर ठीक. धाडकन् खालीं येऊं पाहील, तर स्प्रिंग थकली आहे. आपोआप वर पळेल, तर पीळ अधिक आहे. हेंही चांगलें नव्हे. शटर मध्येंच अडकलें असतां त्याखालून जाण्यापूर्वीं मजबूत लांकडाचा टेकू द्यावा. उचलतांना नेहमीं मध्यभागीं दोन्ही हातांनीं उचलावें. एका कोपऱ्यास धरून ओढल्यानें पट्ट्या तिरप्या होऊन अडकतात.

जडपणाचें कारण प्रत्येक वेळीं स्प्रिंगच असतें असें नाहीं. दोन्ही बाजूंच्या ज्या खांचांतून पट्ट्या सरकतात, त्यांस मिस्त्री गाईड म्हणतात. त्यांत माती, भुसा, कोळिष्टकें सांचतात. त्या आधीं कोरड्या फडक्यानें व नंतर डिझेलच्या बोळ्यानें पुसाव्या. डिझेलनें मळ निघतो, पण तें वंगण नव्हे. मागाहून पातळ तेलाचा हात फिरवून जास्तीचें तेल पुसून टाकावें. कित्येकजण तेथें ग्रीस किंवा इंजिनांतून काढलेलें जुनें तेल भरतात. त्याला मळणीची धूळ चिकटून महिन्याभरांत चिखल होतो, व शटर पूर्वींपेक्षां जड होतें.

गंजाविषयीं शेतकऱ्यानें अधिक सावध असावें, कारण त्याच खोलींत आपण खतें ठेवतों. युरिया, पोटॅश इत्यादि खतें हवेंतील ओलावा ओढून घेतात, आणि तें खारट पाणी लोखंडास जाळतें. पोतीं शटरापासून दूर, लांकडी फळ्यांवर रचावीं. शटराशेजारीं जनावर बांधूं नये. गोमूत्राचाही तोच परिणाम होतो. सर्वांत आधीं खालची पट्टी सडते. म्हणून उंबऱ्याबाहेर पाणी सांचूं न देतां उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. गंज दिसतांच तारेच्या ब्रशानें खरडून आधीं रेड ऑक्साईड व मग रंग द्यावा. रंग पातळ असावा, आणि पुरता वाळेपर्यंत शटर गुंडाळूं नये, नाहीं तर पट्ट्या एकमेकींस चिकटतात.

वरच्या पत्र्याच्या पेटींत गांधीलमाशा पोळें करतात, आणि पालींच्या मागें कवड्या साप शिरतो. कवड्या विषारी नाहीं. परंतु शटर खालीं येतांना तो अंगावर पडला, तर तेवढें ज्ञान कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. पुष्कळ दिवसांनीं शटर उघडावयाचें असल्यास आधीं काठीनें पेटी ठोकावी.

राहतां राहिली स्प्रिंग. तिला घरच्या माणसानें हात लावूं नये. शटर खालीं असतां पीळ पुरा भरलेला असतो. अशा वेळीं पाइपाच्या टोंकाचे बोल्ट सैल केले, तर पाइप भर्कन् फिरतो, व त्यावर लावलेला पाना माणसाचा हात मोडूं शकतो. शटरें बसविणारा जाणता कारागीरच बोलवावा. आमच्याकडे आलेल्या कारागिरानें तुटलेली एकच स्प्रिंग न बदलतां सर्व बदलावयास सांगितलें. मला तो पैसे काढण्याचा मार्ग वाटला. पण सर्व स्प्रिंगा एकाच वेळीं बसविलेल्या, सर्वांनीं सारखेच फेरे सोसलेले. मीं सर्व बदलून घेतल्या, आणि ती तारीख शटराच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेविली.