केला, गेला, मेला: सात शतकांचा टिकाव

बिशप वुल्फिलाने चौथ्या शतकात बायबल गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत आणले. त्यातली क्रियापदे मुख्यतः दोन तऱ्हांनी भूतकाळ दाखवतात. काही मुळातला स्वरच पालटतात, जसे 'बिंदान' म्हणजे बांधणे आणि 'बांद' म्हणजे बांधले. बाकीची बहुतेक नुसता प्रत्यय लावतात. भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने पहिलीला सबल आणि दुसरीला दुर्बल म्हटले. सबल रूपे म्हणजे जुने अवशेष, नियमित रूपे त्यांना आज ना उद्या गिळणार, असे सहज वाटते. मराठीचा मागोवा घेतला तर हे पटत नाही.

संस्कृतातल्या कृत, गत, मृत यांतला त-कार प्राकृतात गळाला, पुढे 'इल्ल' जोडला गेला आणि केला, गेला, मेला घडले. 1290 च्या ज्ञानेश्वरीपासून ही रूपे जवळपास तशीच आहेत. बदलली ती नियमित मानलेली: 'बोलिले'चे 'बोलले' झाले, 'चालिले'चे 'चालले'. 'म्हणितले' तर झिजून 'म्हटले' झाले, म्हणजे नवा अपवाद जन्माला आला! लहान मूल 'करला' म्हणते हे खरे, पण 'केला' कानावर इतका पडतो की ते रूप टिकत नाही. इंग्रजीनेही या रूपांना बळच दिले. अंधेरीच्या कचेरीत फाइल अपलोड 'केली' जाते, मुलुंडला मीटिंग कॅन्सल 'झाली' असते. परका शब्द येतो तो बहुधा 'करणे', 'होणे' यांचाच हात धरून, आणि दोन्हींचा भूतकाळ अपवादात्मक.

कोणी म्हणेल, 'केला' ही ध्वनींची झीज आहे, गॉथिकमधला स्वरपालट नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण तो स्वरपालटही मराठीत आहे, फक्त काळाऐवजी कर्ता दाखवायला: तुटणे-तोडणे, फिटणे-फेडणे, मरणे-मारणे. घाटकोपरला गाडी आपोआप 'सुटते', सीट मात्र कुणीतरी 'सोडावी' लागते. या जोड्यांमागचा संस्कृतातला गुण-वृद्धी हा स्वरबदल आणि गॉथिकमधला स्वरपालट एकाच मूळ भाषेतून आले आहेत. तेव्हा शाळेच्या व्याकरणात ही रूपे अपवादांच्या यादीत कोंबू नयेत. शिक्षकांनी ती जोड्या लावून, त्यांच्या इतिहासासकट शिकवावीत.